शेवटच्या बोटीचं गाऱ्हाणं

आमच्याकडे मोटर सुरू झाली तेव्हा तिला मोटर कुणी म्हणत नसे, आणि बस तर नाहीच नाही. ती ‘सर्विस’. “सर्विस गेली काय गो?” “नाय अजून, डायवर चहा घेतोय खोतांकडे.” असं सगळं बोलणं. सकाळी लांज्याहून निघायची, पालीवरून रत्नागिरीला जायची आणि दिवेलागणीला धूळ उडवत परत यायची. निघायची म्हणजे कधी? तर भरली की. वेळ विचारणाऱ्याला डायवर असा बघायचा, की विचारणाराच ओशाळा व्हायचा.

आमचं घर रस्त्यापासून चार शेतं आत. पण भोंगा ऐकू आला की सासूबाई खळ्यातूनच ओरडायच्या, “थांब रे बाबा, भाकऱ्या बांधत्येय!” आणि तो थांबायचा हो! आत बसलेली माणसंही थांबायची. कुणी विडी ओढायला उतरे, कुणी आमच्याच विहिरीवर येऊन पाणी पिऊन जाई. आज माझी नातवंडं गाडी दोन मिनिटं थांबली तर हातावरच्या घड्याळाकडे बघतात. त्यांना मी हे सांगते तेव्हा त्यांना वाटतं, आजी रंगवून सांगते. काही रंगवत नाही. रंगवायला तिथे जागाच नव्हती, सगळं आधीच इतकं रंगलेलं होतं.

सर्विसमध्ये बसायचीही एक रीत. डायवरच्या शेजारची जागा मानाची. तिथे खोत, नाहीतर तलाठी, नाहीतर मुंबईहून रजेवर आलेला कुणी कोटवाला. मागे लाकडी बाकं, बाजूला ताडपत्रीचे पडदे. बायकांनी शेवटच्या बाकावर बसायचं आणि तोंड बाहेर करायचं. लाजेनं नव्हे, मोटर लागायची म्हणून. पदराच्या गाठीत प्रत्येकीचं एकेक लिंबू. आणि चौकशा? “तू कुणाची गो?” इथून सुरुवात झाली की पुढचा थांबा येईपर्यंत सासर, माहेर, म्हैस किती दूध देते, दीर कसा आहे, सगळं उकरून काढलेलं असायचं. अनोळखी माणूस म्हणून सर्विसमध्ये चढलेला माणूस उतरताना निदान कुणाचा चुलत मेहुणा तरी ठरायचा.

मासेवाल्या मावशी चढल्या की पुढच्या बाकावरचे उपरणी नाकाला लावत. एक मावशी होती, काळी तुकतुकीत, नाकात मोठी नथ, आवाज असा की डायवरला भोंग्याची गरज नाही. ती म्हणायची, “झाका, झाका नाकं. मी बघतंय कोण किती वेळ झाकून धरतो ते.” आणि खरंच, पाली यायच्या आत त्याच उपरण्यातून हळू आवाज यायचा, “काय गो, सुके बांगडे उरलेत काय?” मावशी मग मुद्दाम मोठ्यानं विचारायची, “कोण? तुमी? तुमाला वास येतो ना?”

मी हे सगळं डोळे भरून बघायची. शाळेत मी गेले नाही. अक्षरं मला पुढे मुलांच्या पाटीवरून आली. पण माणसं वाचायला मी सर्विसमध्येच शिकले असं म्हटलं तरी चालेल.

आता त्या दिवसाचं सांगते. मिठाच्या सत्याग्रहाची धामधूम निवून दोन-चार वर्षं झाली असतील. वैशाख संपत आलेला. माझ्या थोरल्या जाऊबाईंना, मी त्यांना वहिनी म्हणायची, मुंबईला जायचं होतं आणि बोट शेवटची होती.

शेवटची म्हणजे काय, ते आताच्या मुलांना सांगावं लागतं. पावसाळ्यात दर्या खवळला की आगबोटी बंद. त्या पुन्हा सुरू व्हायच्या नारळी पौर्णिमेनंतर. मधले दिवस रत्नागिरी आणि मुंबई म्हणजे दोन वेगळ्या दुनिया. घाटावरून कोल्हापूरला जाऊन आगगाडी धरता येई, पण तो फेरा आमच्यासारख्यांनी कधी केला नाही आणि बाईमाणसाला तर कोण पाठवणार?

वहिनींच्या लग्नाला तेव्हा आठ वर्षं झाली होती. भावोजी मुंबईला. आमचे हेही मुंबईलाच. दोघे भाऊ गावकीच्या खोलीत राहायचे. गावातले वीसेक पुरुष एका खोलीत, ज्याची पाळी रात्रीची तो दिवसा झोपणार, ज्याची दिवसाची तो रात्री. तिथे बायको नेणार कुठे? आठ वर्षांत वहिनींचा संसार काय झाला असेल तो शिमग्याला आणि गणपतीला. त्या वैशाखात भावोजींनी कशीबशी वेगळी खोली मिळवली आणि गावातल्या एका कारकुनाबरोबर निरोप धाडला, “शेवटच्या बोटीनं आली तर ये. खोलीवर दुसऱ्यांचा डोळा आहे, पावसाळाभर मला ती अडवून ठेवता यायची नाही.” तो कारकून रजेवर आला होता, परत जाताना वहिनींना सोबत नेणार होता. म्हणजे बघा, बोट चुकली तर खोली गेली, आणि खोली गेली तर पुढची कधी मिळेल ते कोण सांगणार?

मला रत्नागिरीला माझ्या सख्ख्या मावशीला भेटून त्याच सर्विसनं परतायचं होतं, म्हणून बंदरापर्यंत मी सोबत निघाले. आम्ही तिघं सर्विसमध्ये चढलो. कारकून अर्थातच पुढे, मानाच्या जागेवर. त्या उन्हात अंगात काळा कोट. आम्ही मागे. वहिनींच्या पायाशी पत्र्याची ट्रंक, मांडीवर बोचकं. त्या शेवटच्या बाकावर अंग चोरून बसल्या होत्या. वहिनी पुरुषांसमोर बोलायच्या नाहीत. बोलायच्या नाहीत म्हणजे अजिबात नाही. मामंजींना जेवायला वाढताना त्यांना काही विचारायचं असेल तर त्या मांजराला विचारायच्या, “काय गो मने, आणखी भात हवा का?” आणि मामंजी मांजराला उत्तर द्यायचे.

तीच नथवाली मासेवाली मावशी आमच्या शेजारीच. आदल्या दिवशी लांज्याच्या बाजारात सुकी मासळी विकून टोपल्या रिकाम्या करून निघालेली. पावसाच्या आधी सगळे सुकटीची बेगमी करतात, तेव्हा तिचे हे दिवस सुगीचे. तिनं वहिनींकडे बघितलं, ट्रंकेकडे बघितलं आणि म्हणाली, “घोवाकडे चाललीस?”

वहिनींनी मान खाली घातली. मी म्हटलं, “हो मावशी. आजची बोट धरायची आहे.”

“आजची? शेवटची गो ती!”

ते तिच्या आवाजात म्हणजे सगळ्या सर्विसला कळलं. पुढच्या बाकावरून एक म्हातारे आजोबा वळले. गावच्या देवळाचे मानकरी, पांढऱ्या झुबकेदार मिशा, पालीला लेकीकडे निघालेले. “पोरी, काळजी नको करूस,” ते म्हणाले, “आपण आहोत ना सगळे.”

इथूनच सगळा घोटाळा सुरू झाला, कारण ते खरंच सगळे होते.

झालं असं. पावसाळ्यात रस्त्याचा चिखल होतो म्हणून सर्विसही बंद व्हायची, आणि त्या दिवसाची फेरी ही डायवरची त्या सालातली शेवटची होती. पालीच्या अलीकडे एक घाटी लागते. तिथे वडाखाली शेंदूर लावलेला धोंडा, घाटीचा राखणदार. एरवी डायवर नुसता भोंगा वाजवून हात जोडायचा. पण शेवटच्या फेरीला नारळ द्यायची रीत, आणि नारळ दिला की गाऱ्हाणं आलं. कोकणाबाहेरच्या माणसाला सांगायचं तर गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून मोठ्यानं मागणं मांडायचं. एकानं मांडायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला “व्हय म्हाराजा” म्हणायचं.

डायवरनं गाडी थांबवली. “आजोबा, तुमीच घाला गाऱ्हाणं.”

कारकून पुढून ओरडला, “अहो, बोट आहे आमची! लवकर आटपा. मुंबईत असं चालत नाही.”

“मुंबईत घाटी कुठं हाय?” मावशी म्हणाली. सगळे उतरले. आम्ही बायकाही उतरून कडेला उभ्या राहिलो.

आजोबांनी पागोटं सारखं केलं, डोळे मिटले आणि सुरुवात केली. “हे घाटीच्या राखणदारा, आज तुझी ही लेकरं तुझ्या पायाशी उभी हायत…”

“व्हय म्हाराजा!”

“वर्सभर ह्या गाडीला तू संभाळलंस, चाकाला दगड लागू दिला नाहीस, पुढेही संभाळ…”

“व्हय म्हाराजा!”

“आणि ही जी तुझी लेक, जिचा घोव मुंबईस आहे, तिला आजची बोट मिळू दे…”

“व्हय म्हाराजा!” हे इतक्या जोरात झालं की वडावरचे कावळे उडाले. वहिनींचे डोळे भरून आले.

तिथेच थांबते तर ठीक होतं. पण माणसांना वाटलं, तिचं मागणं गेलं, मग आपलं का नको? मावशीनं हळूच पुढे सरून सांगितलं, “आजोबा, माझ्या भावाच्या जाळ्याचं सांगा.” आजोबांनी सांगितलं. एकाची गाय दोन वर्षं गाभण राहत नव्हती, तिचं झालं. एकाच्या मुलाला इंग्रजी तिसरीत दुसऱ्यांदा बसावं लागलं होतं, त्याचं झालं. एकाच्या आंब्याच्या पेट्या गलबतात अडकल्या होत्या, त्याचं झालं. आजोबा कुणाला नाही म्हणायचे नाहीत, आणि एका वाक्यात तर ते काहीच सांगायचे नाहीत. गायीचं सांगताना तिच्या आईपासून सुरुवात. आणि मधे मधे, आठवण झाली की, “आणि त्या लेकीला बोट मिळू दे!” “व्हय म्हाराजा!”

म्हणजे बघा कशी गंमत. बोट मिळावी म्हणून जो तो देवाला विनवत होता, आणि त्या विनवणीपायीच बोट लांब लांब जात होती. सूर्य डोक्यावरून कलायला लागला होता. मी कारकुनाकडे बघितलं. म्हटलं, हा तरी आता घड्याळ काढून सगळ्यांना दटावील. तर हा कोट काढून हातावर घेऊन आजोबांच्या कानाशी लागलेला. “आमचे साहेब,” तो पुटपुटत होता, “जरा तिरसट आहेत. त्यांचं मन तेवढं…”

“आणि हे राखणदारा, मुंबईत जो गोरा साहेब हाय…”

“व्हय म्हाराजा!”

तेव्हा माझ्या शेजारी काहीतरी हललं. वहिनी पुढे गेल्या. डोक्यावरचा पदर तसाच, पण चालत थेट धोंड्यापाशी. एवढे पुरुष उभे. मी मनात म्हटलं, आता ह्या इथे मांजर कुठून आणणार?

“आजोबा,” वहिनी म्हणाल्या. आवाज कापत होता पण सगळ्यांना ऐकू गेला. “देवाला म्हणावं, उरलेलं परतीच्या वाटेवर ऐक.”

गाऱ्हाणं मधेच तोडणं म्हणजे काय, ते आमच्याकडच्या माणसालाच कळेल. आजोबांनी एक डोळा उघडून तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता शिव्या बसणार. आजोबांनी डोळा पुन्हा मिटला.

“हे राखणदारा,” ते म्हणाले, “तुझी लेक म्हणते हाय की उरलेलं येताना सांगतो. साहेबाचं अर्धं झालंय, तेवढं ध्यानात ठेव. काय चूक झाली असेल ती पदरात घे…”

“व्हय म्हाराजा!” आणि माणसं धावत सुटली गाडीकडे. कारकून सगळ्यांत मागे. त्याचं खरोखरच अर्धं राहिलं होतं ना!

डायवरनं हँडल मारलं आणि मग त्या सर्विसनं जे केलं ते तिनं आधी कधी केलं नव्हतं, पुढेही कधी केल्याचं मी ऐकलं नाही. ती कुठेही थांबली नाही. पालीला बाजारात माणसं बोचकी घेऊन हात वर करून उभी. डायवरनं भोंगा दाबला तो दाबलाच. आमच्या सर्विसमधून सगळे एकसुरात ओरडत होते, “बोट! बोट!” रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, ब्रेक गेला. एका म्हातारीनं तर आम्हाला शेवटचा नमस्कारही केला.

“आजोबा, तुमची लेक ओ!” मावशी ओरडली. “पाली गेली!”

“जाऊ दे,” आजोबा म्हणाले. त्यांनी पुढच्या बाकाची दांडी दोन्ही हातांनी धरली होती. “लेक कुठं पळून जात नाय. चल रे तू!”

आंब्याच्या पेट्यावाल्याचं गाव गेलं, इंग्रजी तिसरीवाल्याचं गेलं. कुणी हूं की चूं केलं नाही. रत्नागिरीच्या अलीकडे सड्यावर, उघड्या कातळाच्या माळावर आलो, आणि तिथून समुद्र दिसला. दूर, निळ्यावर काळी काडी ओढावी तसा धूर. बोट आली होती. सगळे एका बाजूला झुकून बघायला लागले तसा डायवर ओरडला, “अरे नीट बसा, गाडी उलटंल!” वहिनी बघत नव्हत्या. त्यांनी माझा हात धरला होता आणि पुढच्या बाकाच्या पाठीकडे डोळे लावले होते. माझ्या मनगटात त्यांच्या बांगड्या रुतल्या.

बंदरात गाडी शिरली तेव्हा बोट बाहेर नांगर टाकून उभी होती. बोट काही धक्क्याला लागायची नाही, उतारूंना पडावातून, म्हणजे वल्ह्यांच्या मोठ्या होडीतून, तिच्यापर्यंत न्यायचे. शेवटचा पडाव सुटला होता. चांगला चार वल्ही पुढे गेला होता.

तेवढ्यात डायवर उतरला. जो माणूस कुणाच्या पिशवीला कधी बोट लावत नसे, त्यानं वहिनींची ट्रंक खांद्यावर घेतली आणि पाण्याकडे पळत सुटला. आणि मावशीनं आवाज टाकला. तो आवाज बोटीवरही गेला असेल.

“अरे तांडेला! थांब! फिरव तो पडाव!”

पडावाचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या, चांगला दाढीमिशांचा बाप्या, मागे वळून म्हणाला, “मावशे, सुटला आता!”

“सुटला? तुझ्या आवशीकडे जातंय मी आता. सांगतंय तिला, तुझ्या लेकानं एका बाईला घोवाकडं जाऊ दिली नाय! सांगू?”

त्या तांडेलानं वल्ही उलटी मारायला लावली. आईची एवढी धास्ती मी दुसऱ्या कुणाला बघितली नाही.

कारकुनाला एका खलाशानं पाठुंगळीला घेतलं. एका हातात बूट, दुसऱ्या हातात कोट, आणि तोंडानं सारखं, “जपून हं, जपून!” दुसरा खलाशी वहिनींपुढे पाठ करून वाकला, तशा त्या दचकल्या. क्षणभर त्याच्या पाठीकडे बघितलं, मग समुद्राकडे, आणि लुगड्याचा काष्टा वर खोचून स्वतःच पाण्यात शिरल्या. गुडघा, मग मांडी, मग कंबर. पडावातल्या लोकांनी हात दिला. त्या आत बसल्या आणि तेव्हा कुठे त्यांना आठवलं की मी मागे उभी आहे.

“अगो!” त्या ओरडल्या, “लोणच्याची बरणी उन्हात आहे! आत घे हं! विसरू नको!”

इतकी वर्षं एका चुलीपाशी बसलो आम्ही. आणि निरोप हा असा.

पडाव बोटीला लागला. एकेक माणूस वर चढताना ठिपक्यासारखा दिसत होता. त्यातला वहिनींचा ठिपका कुठला ते मला ओळखता आलं असं मला आजही वाटतं. मागे माणसं गोळा झाली होती, आजोबा डायवरला म्हणत होते की आता मला पालीला सोडायला तुलाच यावं लागणार. हसत होते सगळे, जणू प्रत्येकाचंच कुणीतरी त्या बोटीवर चढलं होतं. बोटीनं शिट्टी दिली आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. थांबेचना.

मावशी शेजारी उभी होती. “काय गो पोरी,” ती म्हणाली, “जाऊ गेली म्हणून रडतंस, की तुला कुणी न्हेली नाय म्हणून रडतंस?”

मी पदरानं डोळे पुसले. खोटं काय बोलायचं तिच्यापाशी? “दोन्ही, मावशी.”

“मग बस हितं आणि नीट रड,” ती म्हणाली, “अर्धंमुर्धं कशाला?” आणि रिकामी टोपली पालथी घालून तिनं मला तिच्यावर बसवलं. स्वतः वाळूत बसली, कनवटीची पानाची चंची काढली, आणि बोट दिसेनाशी होईपर्यंत मला एकही प्रश्न विचारला नाही.